खबर देणाराचं नाव

सव्वीस वर्षं मी सोलापूरच्या म्युनिसिपालटीत बसून माणसं जन्माला घातली आणि मारली. जन्म-मृत्यूच्या नोंदीचं टेबल माझं. नाव, बापाचं नाव, जात, वय, कशानं मेला, हे रकाने कुणीही भरील. माझं लक्ष असायचं शेवटच्या रकान्यावर: खबर देणाराचं नाव आणि मयताशी नातं. तिथं मुलगा, भाऊ, सून, जावई असं काही आलं की मला बरं वाटायचं. ज्याचं कुणीच नाही त्याच्यापुढं ‘शेजारी’ लिहायचं, तेही नसलं तर ‘पोलीस शिपाई’. रकाना कोरा ठेवायचा नाही असा नियम होता आणि मी एकही कधी कोरा ठेवला नाही.

अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत माझी बायको सोनाबाई गेली आणि पाच दिवसांनी मुलगी राजा गेली. दोघींच्या नोंदी मीच केल्या. एका ओळीत ‘सिद्धाप्पा धुळा सलगर, नवरा’, खालच्या पानावर ‘सिद्धाप्पा धुळा सलगर, बाप’. अक्षर छान आलंय, हवं तर जाऊन बघा. आई-वडील त्याआधीच गेले होते, भाऊबहीण नव्हतं. माझ्या स्वतःच्या नोंदीत त्या रकान्यात काय येणार, ते मला तेव्हापासून ठाऊक आहे.

पेन्शनीत निघालो तेव्हा हे जास्तच डोक्यात बसलं. शुक्रवार पेठेत दोन खोल्या. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की अजून जाग येते, उठून तोंड धुतो, टोपी घालतो, आणि मग आठवतं की कुठं जायचं नाही. शेजारच्या कमलम्मा तेलुगू विणकरांच्या, भल्या बाई. ताक पाठवतात, ताप आला तर विचारतात. पण त्यांनाही त्यांचा संसार आहे, आणि झालंच तर त्या रकान्यात त्या ‘शेजारी’च होणार.

त्या वर्षी कार्तिकात गल्लीत बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली आणि हेळवी आला. आमच्यासारख्या धनगरांच्या घरी तीन वर्षांतून एकदा येणारा हा माणूस. बैलावर बसून येतो, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो, मधल्या काळात कोण जन्मलं आणि कोण गेलं ते लिहून घेतो, धान्य घेतो आणि पुढं जातो. म्हणजे माझाच धंदा, फक्त टेबलाच्या जागी बैल. माझा बाप घंटा ऐकली की दार लावून घ्यायचा. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या बापानं तसं सांगून ठेवलं होतं. निंबळवाडीला आपलं कुणी नाही, तिकडं जायचं नाही, हेही आज्यानंच सांगितलेलं. मी आजवर दोन्ही पाळलं. यंदा मात्र घंटेच्या आवाजानं मी बाहेर आलो. कुणाशी तरी बोलायचं होतं, दुसरं काही कारण नाही.

हेळव्याचं नाव गुरुलिंग. वय पन्नाशीचं, मिशा मळकट पिवळ्या, बोलण्यात कानडी वळण. त्यानं विचारलं, “सलगर? कुटलं सलगर?”

“आजा निंबळवाडीचा,” मी म्हणालो. “मंगळवेढ्याच्या खालची, संस्थानातली निंबळवाडी. बिरप्पा धोंडीराम.”

त्यानं लाल फडकं सोडून चोपडी काढली, बोट थुंकीनं ओलं केलं आणि पान काढलं. “बिरप्पा धोंडीराम सलगर, निंबळवाडी. धाकटा भाऊ कुंडलिक. बिरप्पा मयत, शके सतराशे सत्त्याहत्तर. मूल न्हाय, बाळ न्हाय. वंश हितं संपला.” मग मान वर करून माझ्याकडं नीट बघत म्हणाला, “मग सायब, तुमी कुटनं आला?”

मला असा राग आला की विचारू नका. शके सतराशे सत्त्याहत्तर म्हणजे इंग्रजी अठराशे पंचावन्न साल. माझा बाप जन्मला त्यानंतर चार वर्षांनी. माझा आजा मेल्यावर बाप झाला, असं ही चोपडी माझ्या तोंडावर सांगत होती. बैलावरच्या माणसानं सव्वीस वर्षांच्या नोंदणी कारकुनाला जन्मालाच येऊ दिलं नव्हतं.

“उद्या इथंच या,” मी म्हणालो. “कागद दाखवतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेलो. माझ्या जागी बसलेल्यानं उठून खुर्ची दिली. जुनी बुकं कुठल्या फळीवर आहेत ते त्याला माहीत नव्हतं, मीच काढली. इसवी सन अठराशे एक्याऐंशी, मोडी अक्षर, वाळवीनं खाल्लेल्या कडा. तासाभरानं सापडलं: बिरप्पा धोंडीराम, धनगर, मूळ गाव निंबळवाडी, हल्ली शुक्रवार पेठ, वय अजमासे साठ, ताप. खबर देणार धुळा, मुलगा. ते ‘मुलगा’ वाचून मी तिथंच दोन मिनिटं बसून राहिलो. मग रीतसर नक्कल करून शिक्का मारून घेतला.

गुरुलिंगनं नक्कल हातात घेतली, उलटी केली, शिक्का बघितला. वाचून दाखवल्यावर म्हणाला, “दोन बिरप्पा असतील.”

“दोघांचा बाप धोंडीराम? दोघांचं गाव निंबळवाडी?”

त्यानं नक्कल परत माझ्या हातात दिली. मग म्हणाला, “तुमचा कागुद खोटा न्हाय. माजी चोपडीबी खोटी न्हाय. माजा आज्जा त्या घरात बसून लिवून आला हाय.”

“मग एक माणूस दोनदा मेला?”

“ते तितं जाऊन इचारा की. कुंडलिकाचा वंश लई वाढला हाय. ल्हानथोर चाळीस मानूस एका वस्तीवर. येळा अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सगळी गोळा हुत्यात, म्याबी असतो. घरचं म्हनलं, ह्यो आमचा, की लिवतो तुमचं नाव. माज्या मनानं एक अक्षर लिवत न्हाय.”

मी पहिलं सगळं विसरलो. चाळीस माणूस, एवढंच कानात राहिलं. त्यातल्या एकानं जरी सोलापूरपर्यंत येऊन म्युनिसिपालटीत उभं राहून ‘पुतण्या’ म्हटलं तरी माझं काम होत होतं.

मार्गशीर्षातली येळा अमावस्या येईपर्यंत महिनाभर मी पोरासारखा हुरळलेला होतो. कमलम्मांच्या मागावरची एक चादर विकत घेतली, लाल-काळी, दुहेरी विणीची. त्या वस्तीवर जो कुणी वडीलधारा निघेल त्याच्या खांद्यावर घालायची. त्याला काय म्हणायचं याचीही खोलीत एकट्यानं तालीम केली. ‘काका’ म्हणून बघितलं, ‘तात्या’ म्हणून बघितलं. भिंतीपलीकडनं कमलम्मांनी विचारलं, कोण आलंय?

मंगळवेढ्यापर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं तीन कोस पायी. नक्कल कोटाच्या आतल्या खिशात. करडीची रानं, बोडक्या टेकड्या, मग खाली दगडी गडग्यांची घरं, मेंढरांचं मोठं वाडगं आणि त्याच्या तोंडाशी मला बघून भुंकणारी कुत्री. आज्याच्या गावाबद्दल मला काहीतरी वाटेल अशी अपेक्षा होती. पाय दुखत होते, तेवढंच वाटलं.

गुरुलिंग आधीच पोचला होता. त्यानं ओळख करून दिली, “सोलापूरचं सायब हाईत. जुनं कागुद बघत्यात.” पुढचं माझ्यावर सोडलं.

घरातला वडीलधारा रावजी. कुंडलिकाचा मुलगा, म्हणजे हिशेबानं माझ्या बापाचा चुलतभाऊ. वय चौऱ्याहत्तर, पाठ सरळ, डोक्याला तांबडं पागोटं. त्यानं मला घोंगड्यावर बसवलं, पाणी दिलं, स्वतःही प्यायला आणि मिशांवरून उलटा हात फिरवला. माझा बाप अगदी तसाच फिरवायचा. मी चादर काढून त्याच्या खांद्यावर घातली, पण ‘काका’ काही तोंडातनं फुटेना. तो लाजला आणि म्हणाला, “एवढं कशाला आणलंसा पाव्हणं?”

“एका माणसाची चौकशी होती,” मी म्हणालो. “बिरप्पा धोंडीराम.”

आजूबाजूची माणसं हसली. पोरांनी हात जोडले. रावजी म्हणाला, “त्याच्याच जेवनाला आलासा की तुमी! आज त्येचाच दिवस हाय.” त्यानं देव्हाऱ्याकडं बोट केलं. बिरोबाच्या शेजारी चांदीच्या पत्र्याचा एक टाक होता, झिजून गुळगुळीत झालेला, भंडाऱ्यानं पिवळा. त्यावर घोंगडी पांघरलेला माणूस उठवला होता. हा माझा आजा.

मग त्यानं मला सांगितलं. वर्षातनं एकदा सांगायचंच असतं, म्हणून सगळे जवळ सरकून बसले.

“ह्यो माजा थोरला चुलता. मोट्या दुष्काळात समद्या भावकीची मेंढरं घिऊन वर गेला चारायला. दीडशे मेंढरं. त्यो आला न्हाय, मेंढरं आली न्हाईत. बारा वर्सं वाट बघितली. बारा वर्सं झाल्यावर मग काय करत्यात? पळसाच्या पानांचं मानूस केलं, त्येला अग्नी दिला, सुतक धरलं, हेळव्याला बोलवून लिवून घेतलं.”

गुरुलिंगनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. चोपडी खरी होती आणि बुकही खरं होतं. शके सतराशे सत्त्याहत्तरला पानं जाळली, माणूस सोलापुरात जिवंत होता. दीडशे मेंढरं गमावलेला बाविशीतला पोरगा कुठल्या तोंडानं परत येणार? गेला सोलापूरला आणि राहिला. मला मोठ्यानं हसावंसं वाटलं. हात खिशात गेला, नक्कल बोटांत आली. आता फक्त म्हणायचं होतं, काका, तो मेला नव्हता, आणि मी त्याचा नातू.

पण रावजीचं संपलं नव्हतं.

“मग माज्या आईचा पाट माज्या बापाशी लागला. ती आदी बिरप्पाचीच बायको की. केराबाई. दिराशी लागला पाट. आन दुसऱ्या सालच्या येळा अमावस्येला बघा काय झालं. सकाळचं उटून वाडग्यात बघत्यात तर अकरा मेंढ्या जास्ती! कुनाच्या म्हनून कान बघितलं तर खूण आमचीच. उजव्या कानाला खालनं दोन खाचा, डाव्याचा शेंडा उडवलेला. ही खूण आमच्या भावकीबगर कुनाची न्हाय. मानूस मेलेलं, अग्नी दिलेला, आन मेंढरं धाडली! मग देवच झाला की त्यो. ह्या वस्तीवर जितकी मेंढरं दिसत्यात ती समदी त्या अकरांची हाईत पाव्हणं.”

सोनाबाईनं एकदा शेळी पाळली होती. तिच्या करडांचे कान मी कापले होते, बापानं दाखवलं तसे. उजव्याला खालून दोन खाचा, डाव्याचा शेंडा. बापाला त्याच्या बापानं दाखवलेलं. शुक्रवार पेठेत दोन शेळ्या चुकायच्या तरी कुठं, पण आमच्यात असंच कापतात असं तो म्हणायचा.

म्हणजे आजा परत आला होता. वर्षानुवर्षं राबून जमवलेल्या अकरा मेंढ्या घेऊन, त्यांना घरची खूण करून आला होता. आणि इथं येऊन कळलं की आपलं सुतक सुद्धा होऊन गेलंय आणि बायको भावाची झालीय. मेंढ्या वाडग्यात सोडल्या आणि तो आल्या वाटेनं सोलापूरला परत गेला; तिथला संसार आणि माझा बाप त्यानंतरचे.

मला त्याचा फार राग आला. एक हाक मारायची होती! भाऊ होता, बायको होती, घर होतं. हा गप्प निघून गेला म्हणून माझा बाप एकटा वाढला आणि मी एकटा मरणार. मी रागानं नक्कल खिशातनं अर्धी वर काढली. तो गप्प बसला म्हणून मी का बसू? काय होईल फार तर? टाक देव्हाऱ्यातनं खाली येईल. आणि केराबाईचा पाट नवरा जिवंत असताना लागला, असं होईल. त्या पाटाची पोरं म्हणजे हा रावजी, आणि पुढची सगळी. गावात, सोयऱ्यांत, पंचांत त्यांना काय म्हणतील ते कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. तरीसुद्धा माझा हात खाली जाईना. खोटं कशाला सांगू, मी त्या वेळी फक्त माझाच विचार करत होतो.

तेवढ्यात रावजीची बायको सारजाबाई नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आली. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, वर भाजी. ती देव्हाऱ्याकडं न जाता अंगणातनं सरळ वाडग्याकडं निघाली.

“टाकाला नाही दाखवत?” मी विचारलं.

“न्हाय बाबा,” ती चालता चालता म्हणाली. “आमच्या सासूबाईंची रीत. केराबाईंची. त्यांनी कदी टाकाला दावला न्हाय. हितं वाडग्याच्या तोंडाला ठिवायच्या, वरल्या वाटंकडं तोंड करून हुब्या ऱ्हायच्या आन म्हनायच्या, ‘जेवून जावा.’ देवाला कुनी आसं म्हनतं का? आमी सुना तोंडाला पदर लावून हसायचो. मरस्तवर दर साली तेवडंच म्हनल्या. आता म्याबी म्हनते.”

तिनं ताट ठेवलं, मी सकाळी ज्या वाटेनं आलो होतो तिकडं तोंड केलं आणि म्हणाली, “जेवून जावा.”

मग मला कळलं. केराबाई त्या सकाळी जागी होती. तिनं त्याला पाहिलं होतं, मेंढ्या आत सोडताना आणि पाठ फिरवून जाताना. तोंड उघडलं तर काय होईल ते तिला माहीत होतं, म्हणून हाक मारली नाही. माणूस दारातनं उपाशी गेला, एवढंच तिला मरेपर्यंत सललं. हाक त्यानं मारली नाही आणि तिनंही मारली नाही, आणि त्यावर ही चाळीस माणसं वाढली. मी कोण तो अबोला मोडणारा? नक्कल मी परत खिशात सारली. मला रडू येत होतं. धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं.

“तुमी काय इचारत हुता पाव्हणं, बिरप्पाचं?” रावजीनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “ह्याच नावाचा एकजण सोलापुरात वारला होता. तो दुसरा. दोन बिरप्पा होते.”

सव्वीस वर्षांत मी जाणूनबुजून खोटी नोंद केली नव्हती. ही पहिली. गुरुलिंग चोपडीला फडकं बांधू लागला.

मी उठलो. मोटार चुकेल म्हणालो. खरं म्हणजे तिथं आणखी बसवत नव्हतं. अंगणाच्या तोंडाशी आलो तर सारजाबाई मागनं ओरडली, “अवं पाव्हणं, आसं कसं? जेवून जावा की!”

मी परत फिरलो आणि जेवायला बसलो. रावजीनं वाडग्याच्या तोंडचं ताट उचलून माझ्यापुढं ठेवलं. नैवेद्याचं ताट त्या दिवशी आलेल्या पाहुण्याला द्यायचं, अशीही त्यांची रीत होती. आज्याच्या वाटची भाकरी मी खाल्ली. पोरं बघत होती. रावजी आग्रह करत होता, त्याच्या खांद्यावर सोलापूरची चादर होती, आणि मी त्याला शेवटपर्यंत ‘रावजीबुवा’ म्हणत राहिलो.

परतीला कोसभर गुरुलिंग बैल धरून माझ्याबरोबर चालत आला. “मग लिवायचं न्हाय म्हना,” तो म्हणाला.

“नाही.”

“तुमाला लई हौस हुती लिवून घ्यायची. कशापायी?”

त्याला मी रकान्याचं सांगितलं. खबर देणाराचं नाव, मयताशी नातं, शेजारी, पोलीस शिपाई, सगळं. कुणाला आजवर सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, “मग माजं नाव घाला की. खबर द्यायाचं तर माजं कामच हाय.”

“तुम्ही तीन वर्षांतून एकदा येता.”

“मग त्या साली मरा,” तो म्हणाला.

मी हसलो. मोठ्यानं हसलो, आणि हसताना मघाचं राहिलेलं रडूही येऊन गेलं. त्यानं बैलाच्या गळ्यातली घंटा हातानं धरून ठेवली, मी शांत होईपर्यंत.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. नक्कल माझ्या ट्रंकेत आहे. तिच्याबरोबर एक कागद ठेवलाय, कमलम्मांना सांगून ठेवलंय की वेळ आली की तो म्युनिसिपालटीत द्यायचा. माझ्याच अक्षरात आहे, सगळे रकाने आखून. नाव सिद्धाप्पा धुळा सलगर. बापाचं नाव, जात, सगळं भरलंय. खबर देणाराचं नाव, गुरुलिंग हेळवी. त्यापुढं ‘मयताशी नातं’ हा रकाना आहे. तो भरायला मी कितीतरी वेळा बसलो आणि उठलो. शेवटी कोरा ठेवला.

येत्या कार्तिकात त्याची फेरी आहे. या थंडीत छातीत जरा जास्त दुखतं, पण तोवर जपून राहायला हवं.